उलटं केलं की इंजिन तापतंय? सुई सोडा, टाकी बघा

आधी लक्षण सांगतो, जुळतंय का बघा. कंट्रोल लाईनचं विमान, म्हणजे हातातल्या हँडलला लाईनींनी बांधून आपल्याभोवती गोल उडवायचं मॉडेल, सरळ उडतंय तोवर सगळं झकास. इंजिन जाड, भरल्या आवाजात चालतंय, मागे तेलकट धुराची रेघ. अर्धा लूप (हवेतली उभी गिरकी) घेऊन विमान उलटं केलं की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आवाज किनरा होतो, विमान पळायला लागतं, धूर विरळ होतो. सरळ केलं तर पुन्हा शांत. उलटंच ठेवलं तर आणखी तीन-चार फेऱ्या, आणि मग एकदम सामसूम. हँडल हातात, विमान दीड मीटरवर पोट वर करून, आणि ओढ कमी होत चाललेली.

माझ्या रिंगमास्टर विमानाने हे मला सलग चार रविवार दाखवलं. प्रत्येक वेळी मी तेच केलं जे सगळे करतात: नीडल, म्हणजे इंजिनला किती इंधन जाईल ते ठरवणारी सुई, दोन क्लिक उघडली. उलट्यात इंजिन लीन होतंय ना, म्हणजे इंधन कमी पडतंय, मग थोडं जास्त इंधन देऊ. चौथ्या रविवारी सरळ उड्डाणात इंजिन इतकं रिच (इंधन जास्त) झालं की डोक्यावरून न्यायला गेलो तर विमान वर चढेना, आणि उलट्यात ते तरीही लीनच होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नीडल एकच आहे. ती दोन्ही बाजूंना सारखंच देते. सरळ आणि उलटं यांत फरक पडत असेल तर नीडलने तो मिटणं शक्यच नाही, तिने फक्त कुठल्या बाजूला रडायचं ते ठरतं.

विमानाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्या रचनेवर आहे. रिंगमास्टर हे १९५०च्या दशकातलं अमेरिकन डिझाईन. मॅट कानिया यांनी काढलेलं, फिलाडेल्फियाच्या स्टर्लिंग मॉडेल्सने किट म्हणून विकलेलं. पंख साधारण ४२ इंच. फ्यूजलाज म्हणजे बाल्साची एक सपाट फळी, ज्याला प्रोफाईल म्हणतात. इंजिन त्या फळीवर आडवं बसतं, सिलिंडर वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला. टाकीही त्याच बाजूला, इंजिनच्या मागे, फळीला पट्टीने आवळलेली. सगळं उघड्यावर. दिसायला गरीब, पण दुरुस्तीला याच्यासारखं सोयीचं काही नाही. बंदिस्त नाकाच्या विमानात टाकी एक मिलिमीटर हलवायची तर कधी कधी कव्हर कापावं लागतं, इथे दोन स्क्रू ढिले केले की झालं.

माझ्या विमानावर ३५चं ग्लो इंजिन आहे, मेथॅनॉलच्या इंधनावर चालणारं, म्हणजे ०.३५ घनइंच, साधारण ५.७ सीसी. लाईन ६० फुटी.

आता टाकीत काय चालतं ते बघू. ६० फुटांच्या लाईनवर, आपल्या हाताची लांबी धरून, त्रिज्या झाली साधारण १९ मीटर. फेरी पाच सेकंदांची असेल तर वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि विमान बाहेर फेकलं जातं ते जवळजवळ ३ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराने. म्हणजे टाकीतलं इंधन तळाला नसतंच. ते टाकीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून उभं असतं. म्हणून तर या टाक्या पाचरीच्या आकाराच्या करतात आणि इंधन ओढणाऱ्या नळीचं तोंड बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात ठेवतात.

आता गंमत बघा. अर्धा लूप घेऊन उलटं झालात की विमान वर्तुळात दुसऱ्या दिशेने फिरायला लागतं, पण डावा पंख आपल्याकडेच राहतो. म्हणजे बाहेरची भिंत तीच, ३ जी तोच. बदललं काय? फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा. जे विमानाच्या पोटाकडे ओढत होतं ते आता पाठीकडे ओढतंय. नळीचं तोंड स्प्रेबारच्या (इंजिनच्या हवेच्या वाटेत इंधन सोडणाऱ्या आडव्या नळीच्या) छिद्राच्या अगदी समपातळीत असेल तर इंजिनला या बदलाचा पत्ताही लागत नाही. पण टाकी समजा दोन मिलिमीटर वर असेल, तर सरळ उड्डाणात इंधन उतारावरून येतं, इंजिन रिच. उलट्यात तेच इंधन चढावर खेचायचं, इंजिन लीन. दोन इकडे, दोन तिकडे, असा चार मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण चौकोनी लूपच्या कोपऱ्यात दहा जी धरा, तिथे तोच दोन मिलिमीटर वीससारखा वागतो. आतल्या लूपमध्ये (विमानाची पाठ वर्तुळाच्या आत) इंजिन गुदमरतं, बाहेरच्या लूपमध्ये (पोट आत) किंचाळतं.

माझी चूक इथे झाली. मी पहिल्याच रविवारी पट्टी लावून टाकी मोजली होती. टाकीचा मध्य आणि इंजिनची मध्यरेषा तंतोतंत. त्यामुळे ‘टाकी बरोबर आहे’ म्हणून तो विषय मी डोक्यातून काढूनच टाकला होता. पण ती टाकी मी घरी पत्रा कापून, पितळी नळ्या वाकवून, डाख देऊन केलेली. बाहेरून मध्य बरोबर, आत नळीचं टोक कुठे आहे ते कोणी बघितलंय? नंतर ती टाकी उघडली तेव्हा टोक मध्यापासून दोन मिलिमीटर वर निघालं. डाख देताना नळी तापून हलली असणार. विकतच्या टाकीतही हे होऊ शकतं. म्हणून मोजपट्टीवर विश्वास ठेवू नका. खरी उंची घड्याळ सांगतं.

पद्धत अशी. इंजिन नेहमीच्या सेटिंगला लावा आणि विमान उडवा. पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या, इंजिन तापू द्या. मग सरळ, दीड मीटर उंचीवर सहा फेऱ्या, बाहेर उभ्या असलेल्या माणसाने स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची. लगेच अर्धा लूप, आणि उलट्या सहा फेऱ्या, त्याच उंचीवर. उंची बदलली तर आकडे खोटे. वारा असेल तर ही चाचणी करूच नका, सकाळी लवकर या. लीन इंजिन जोरात पळतं, रिच इंजिन रेंगाळतं. उलट्या फेऱ्या जलद आल्या तर टाकी वर आहे, खाली घ्या. सरळ फेऱ्या जलद आल्या तर टाकी खाली आहे, वर घ्या. माझे आकडे होते, एका फेरीला, सरळ ५.४ सेकंद, उलटं ४.९. टाकी एकेका मिलिमीटरने दोनदा खाली आणली. दुसऱ्यांदा आकडे आले ५.२ आणि ५.२.

‘वर’ आणि ‘खाली’ हे विमान चाकांवर उभं असतानाचं बरं का. आमच्या एका मित्राने विमान टेबलावर पालथं ठेवून टाकी सरकवली, आणि एक अख्खी सकाळ उलट्या दिशेने दुरुस्ती केली.

कुणी म्हणेल, हे जमिनीवरच का नाही बघायचं? इंजिन चालू ठेवून मदतनीसाने विमान सरळ-उलटं धरायचं. नाही चालत. जमिनीवर ३ जी नाही, त्यामुळे इंधन बाहेरच्या भिंतीला नाही, तळाला बसतं, आणि नळीचं तोंड कधी इंधनात तर कधी हवेत. फार तर बाहेरचा पंख जमिनीकडे करून धरलं तर इंधन त्या भिंतीकडे जातं, आणि टाकी शेवटपर्यंत नीट रिकामी होते का ते कळतं. उंचीचा निकाल मात्र हवेतच.

नीडलला हात लावायचा तो यानंतर. सरळ-उलटं समान झालं, मग हवं तेवढं रिच-लीन करा.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही कॅडेट असताना कंट्रोल लाईनवर डिझेल इंजिनं चालवायचो, कलकत्त्याला बनलेली अरोरा. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समसमान. ग्राउंडवर आलं की त्या ईथरच्या वासावरून कळायचं आज मॉडेल उडणार. आमचे सर नीडलवर हात गेला की ओरडायचे, ‘‘आधी नळी बघ, मग टाकी बघ, मग स्वतःकडे बघ!’’ तेव्हा हसायला यायचं. डिझेलला कॉम्प्रेशनचा स्क्रूही असतो, म्हणजे चुकीचं फिरवायला दोन गोष्टी. ग्लोमध्ये निदान एकच आहे.

तर टाकीची उंची जमली. पण मी हिला ‘पुन्हा पुन्हा येणारी’ अडचण म्हणतो ते उगीच नाही. दोन आठवड्यांनी इंजिन परत लीन व्हायला लागलं. फक्त आता वेगळ्या तऱ्हेने: सरळ असो की उलटं, शेवटच्या दीड मिनिटात. पहिली चार मिनिटं सुरेख.

हे लक्षण ऐकलं की उंची विसरा आणि हवेची वाट शोधा. ही टाकी युनिफ्लो प्रकारची आहे, आणि ते प्रकरण समजलं नाही तर शोधायचं काय तेच कळणार नाही. साध्या जुन्या टाकीत हवा वरून, मोकळ्या बाजूने आत येते. टाकी भरलेली असताना इंधनाचा पृष्ठभाग इंजिनच्या जवळ असतो, संपत आली की तो बाहेरच्या भिंतीकडे सरकतो. टाकीची रुंदी ५० मिलिमीटर असेल तर ३ जी मध्ये सुरुवातीच्या आणि शेवटच्या दाबात जवळपास १५० मिलिमीटर उंचीच्या इंधनस्तंभाइतका फरक पडतो. इंजिनला तितकं जास्त खेचावं लागतं, म्हणून साधी टाकी उड्डाणभर हळूहळू लीन होत जाते. जुने लोक सुरुवातच दणकून रिच करायचे ते याचसाठी.

युनिफ्लोमध्ये हवेची नळी आत वाकवून थेट इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशेजारी आणलेली असते. हवा तिथे बुडबुड्यांनी येते. कोंबड्यांसाठी बाटली उपडी ठेवून पाणी ठेवतात ते आठवा: बाटली भरलेली असो की निम्मी, ताटलीतली पातळी तीच, कारण हवा ताटलीच्या पातळीवरून आत शिरते. हेही तसंच. नळीच्या तोंडाशी दाब पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत एकच राहतो. मात्र अट एक: हवा फक्त त्याच नळीतून यायला हवी. कुठूनही दुसरीकडून आली की युनिफ्लो संपलं, टाकी परत साधी झाली.

दुसरीकडून म्हणजे कुठून? सगळ्यात आधी टोपी. इंधन भरताना जास्तीचं बाहेर पडायला एक दुसरी नळी असते. भरून झालं की तिला टोपी लावायची असते. मी दोनदा विसरलोय, आणि दोन्ही वेळा विमानाचा कार्बोरेटर उघडून बसलो होतो. आता टोपी लाल इन्सुलेशन टेपने गुंडाळली आहे आणि एक दोरा लावून टाकीला बांधली आहे, शाळेतल्या खोडरबरासारखी.

टोपी जागेवर असेल तर रबरी नळी काढा आणि उजेडात वाकवून बघा. पितळी तोंडावर जिथे ती ताणून बसते तिथे केसाएवढी चीर पडते. तिथलं अर्धा सेंटिमीटर कापून टाकायचं आणि परत बसवायचं. नळी पिवळी, कडक झाली असेल तर पूर्ण बदला, काही रुपयांचा माल आहे.

आणि मग टाकीची पाण्यात परीक्षा. टाकी काढा, सगळी तोंडं बंद करा, एका नळीतून तोंडाने हलकी फुंकर मारत बादलीत बुडवा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं, घाई न करता, फिरवत. बुडबुडे आले ती जागा डाखून टाका, पण त्याआधी टाकी मेथॅनॉलने धुवून, वाळवून, आत वाफ उरलेली नाही याची खात्री करून. मेथॅनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही. इथे घाई करणाऱ्याला मी मूर्ख म्हणेन, आणि मी स्वतः एकदा मूर्ख झालोय.

माझी टाकी या परीक्षेत पास झाली. एक बुडबुडा नाही. मग डोक्यात दिवा पेटला: बादली सांगेल ती बाहेरचीच गळती, आतल्या नळीला भोक असेल तर? ओढणारी नळी टाकीत शिरते तिथे, आतल्या बाजूला, डाखाजवळ चीर असेल तर बादली काहीच सांगत नाही, कारण ती हवा टाकीतून टाकीतच जाते. टाकी भरलेली असेपर्यंत ती चीर इंधनात बुडलेली, म्हणून काही होत नाही. पातळी खाली, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे गेली, चीर उघडी पडली की इंजिन इंधनाबरोबर हवा घ्यायला लागतं. शेवटचं दीड मिनिट! हे तपासायला टाकी थोडीशीच भरा, बाहेरची भिंत खाली करून धरा, म्हणजे नळीचं तोंड इंधनात राहील आणि बाकीची नळी हवेत. आता त्या नळीला पारदर्शक रबरी नळी जोडून हळू ओढा, इंजेक्शनच्या सिरिंजने, तोंडाने नाही. नळीत इंधनाची सलग रेघ यायला हवी. माझ्या नळीत बुडबुड्यांची, मोत्यांसारखी माळ आली. टाकी उघडली, नळी बदलली. त्याच वेळी ते दोन मिलिमीटरचं प्रकरणही डोळ्यांनी दिसलं, नवी नळी मध्यावर बसवली, आणि अर्थातच टाकी परत मूळ जागी, दोन मिलिमीटर वर न्यावी लागली.

आता तिसरी पाळी, आणि जुन्या विमानांत हीच सगळ्यात चिवट. काही महिन्यांनी इंजिन कुठेही, कधीही लीन व्हायला लागलं. नियम नाही. सरळ लीन, उलटं ठीक, मग दोन फेऱ्या रिच, मग पुन्हा किनरं. घड्याळाचे आकडे दर वेळी वेगळे. असं अनियमित दिसलं की दोनच संशयित धरायचे, कचरा किंवा फेस. कचरा पाहणं सोपं: नीडल पूर्ण काढा, स्प्रेबारमधून उलट दिशेने इंधन सोडा. इंधन भरताना गाळणी वापरत असाल तर इथे सहसा काही सापडत नाही.

फेस म्हणजे टाकीतलं इंधन थरथरून ताक घुसळल्यासारखं होतं आणि इंजिनला बुडबुडेवालं इंधन मिळतं. प्रोफाईल विमानांचा हा जन्मजात रोग आहे. सपाट फळीच्या टोकाला एवढं इंजिन लटकवलं की ती फळी ड्रमच्या कातड्यासारखी थरथरते. पहिला उपाय प्रॉप (पुढचा पंखा) समतोल करणं: जड पात्याच्या टोकाची मागची बाजू हलकेच घासायची. दुसरा, टाकी आणि फळी यांच्यामध्ये स्पंजचा पातळ तुकडा. मी दोन्ही केलं. थोडा फरक पडला, अडचण गेली नाही.

शेवटी एके दिवशी विमानाचं नाक दोन बोटांत धरून पिळून बघितलं. फळी आणि तिच्यावर चिकटवलेल्या प्लायवुडच्या पट्ट्यांच्या मधून तेल बाहेर आलं. बारीक, तपकिरी रेघ. वर्षानुवर्षांचं एरंडेल सांध्यात मुरलेलं, आणि सांधा आतून सुटलेला. वरून रंग शाबूत, म्हणून दिसत नव्हतं. विमान जुनं विकत घेतलं असेल, किंवा माळ्यावरून काढलेलं असेल, तर मी म्हणतो ही पिळायची परीक्षा सगळ्यात आधी करा. टाकी, नीडल, नळी, सगळं नंतर. मी क्रम उलटा केला म्हणून इतके महिने गेले.

तेल मुरलेल्या लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही. इंजिन, टाकी काढली, पट्ट्या जिथपर्यंत सुटल्या होत्या तिथपर्यंत ब्लेडने उचलल्या. स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर मेथॅनॉलमध्ये कालवून दाट लेप केला, लाकडावर थापला, वाळू दिला. वाळताना तो तेल शोषून पिवळा पडतो. खरवडायचा, परत लावायचा. माझे सहा लेप झाले. सहावा पांढरा राहिला. त्यानंतर सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्प लावून रात्रभर. पाच मिनिटांच्या इपॉक्सीचा मोह होतो, पण ती लाकडात मुरायच्या आत घट्ट होते. इंजिनच्या बोल्टची भोकंसुद्धा आतून पातळ इपॉक्सीने बंद करून परत पाडली, कारण तेल शिरतं ते तिथूनच. शेवटी सांध्यांच्या कडांवर इंधनाला टिकणाऱ्या रंगाचे दोन हात.

या सगळ्यात एक गोष्ट नेहमी विचारली जाते: फॉक्स ३५ इंजिन आतल्या लूपमध्ये मध्येच एक ढेकर दिल्यासारखं अडखळतं, तेही टाकीचंच का? नाही. ते त्या इंजिनच्या बायपासमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या वाटेत, साठणाऱ्या इंधनाचं आहे. जुने लोक बायपासमधली ती मोकळी जागा ठोकळा बसवून कमी करतात. क्षणभराचं अडखळणं असेल तर ते. फेरीन् फेरी टिकणारा फरक असेल तर टाकी.

आणि इंजिन उलट्यातच बंद पडलं तर काय करायचं, तेही सांगतो, कारण दुरुस्ती होईपर्यंत ते पडणारच. आवाज चढायला लागला की वाट बघू नका. वेग आहे तोवर वरच्या बाजूला अर्धा लूप घ्या आणि सरळ व्हा; बंद पडण्याआधीची ती किनरी फेरी म्हणजे तुमच्याकडे असलेली सगळी शिल्लक आहे. बंद पडल्यावर वेग कमी असेल तर लूपच्या नादी लागू नका, दोन पावलं मागे सरकत लाईनची ओढ ठेवा आणि उलटंच उतरवा. सुकाणू मोडेल, प्रॉप जाईल. लाईन ढिली पडून विमान वर्तुळात आत आलं तर त्याहून बरंच काही जाईल.

नाक चिकटवल्यावरचे आकडे: सरळ ५.२, उलटं ५.१, आणि शेवटच्या मिनिटातही ५.२. जून लागला तसं पुन्हा थोडं अनियमित वाटायला लागलं होतं. नाक पिळलं, कोरडं. मग इंधनाचा कॅन बघितला: अर्धा रिकामा, झाकण नीट न लागलेलं, आठवडाभर पावसाळी हवेत. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. सीलबंद कॅन उघडला, पहिल्याच उड्डाणात इंजिन जागेवर आलं. जुना अर्धा कॅन आता विमानाचं नाक पुसायला वापरतो.